बेपत्ता आईचा शोध घरबसल्या: चर्चेतून तपासाला नेमकं काय मिळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक तरुण आई घरातून बेपत्ता झाली आहे. पाच महिन्यांचं बाळ घरात झोपलेलं, पर्स घरात, गाडी जागेवर, फोन लागत नाही. नवऱ्याने काही तासांनी तक्रार दिली. तुमचा ऑनलाइन गट या प्रकरणावर रोज चर्चा करतो. तुम्ही घटनाक्रमाचा तक्ता केलाय, नवऱ्याची टीव्हीवरची मुलाखत थांबवून थांबवून पाहिलीय, आणि तिला गेलेल्या एका मेसेजवर दोन दिवसांनी डबल टिक आली हे कुणीतरी हेरलंय. काही जण आता प्रत्यक्ष तिथे जाऊन शोध घ्यायचा म्हणतायत. याची तपासाला मदत होते की अडचण, असं तुम्ही विचारलंय.

बेपत्ता माणसांच्या तपासात मी बरीच वर्षं काढली. आता अशा घरच्यांना पोलिसांशी काय बोलायचं, काय मागायचं, कशाचा पाठपुरावा करायचा हे सांगत असतो. तुमच्यासारखे गट मला नवे नाहीत. मदतही होते आणि अडचणही, आणि कशातून काय होणार हे बऱ्यापैकी आधी सांगता येतं. वेळ, जागा आणि वस्तू यांच्याबद्दल तुम्ही पडताळून दिलेलं कामाला येतं. माणसांबद्दल तुम्ही ठरवलेलं जवळजवळ कधीच येत नाही.

डबल टिकपासून सुरू करतो, कारण सध्या तुमच्याकडे सगळ्यात मोठा वाद त्यावरच दिसतोय. 'फोन बंद होता तर मेसेज पोचला कसा? म्हणजे कुणीतरी फोन चालू केला.' व्हॉट्सॲपवर एक टिक म्हणजे मेसेज निघाला, दोन म्हणजे तो समोरच्याच्या फोनवर किंवा त्या खात्याला जोडलेल्या दुसऱ्या एखाद्या उपकरणावर पोचला. हे 'किंवा' तुमच्या चर्चेत कुठेच नाही. तिचं खातं घरच्या लॅपटॉपला जोडलेलं असेल आणि घरच्यांनी किंवा खुद्द तपास पथकाने तो उघडला असेल, तरी डबल टिक येते. बेपत्ता बाईचा लॅपटॉप पहिल्या दोन दिवसांत उघडला गेला यात नवल नाही, नसता उघडला तर मी कारण विचारलं असतं. आता याचीच दुसरी बाजू पाहा. मुख्य फोन चौदा दिवसांहून जास्त वापरात नसला की जोडलेली उपकरणं खात्यातून आपोआप बाहेर पडतात, मग मेसेज पोचला तर तो फोनवरच. हीच डबल टिक तीन आठवड्यांनी आली असती तर मी खुर्चीत ताठ बसलो असतो. तेव्हा या शोधातलं कामाचं काय, तर तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट आणि एक प्रश्न: खात्याला कोणती उपकरणं जोडलेली होती? तपास अधिकाऱ्याला याचं उत्तर सहज मिळतं. तुम्हाला महिनाभर वाद घालूनही मिळणार नाही.

'शेवटचं लोकेशन' हाही असाच प्रकार. बातमीत टॉवरचं नाव आलं की कुणीतरी नकाशावर टाचणी लावतो, आणि मग त्या टाचणीच्या शेजारची विहीर, गोदाम, अर्धवट बांधकाम सगळं संशयास्पद दिसायला लागतं. टॉवरवर सहसा तीन दिशांना तोंड करून अँटेना असतात. नोंदीतून कळतं ते एवढंच, की फोन त्या टॉवरच्या कोणत्या बाजूला जोडलेला होता. दाट वस्तीत हा पट्टा काही शे मीटरचा, मोकळ्या रानात कित्येक किलोमीटरचा. फोन सगळ्यात जवळच्या टॉवरलाच जोडला जातो असंही नाही. मध्ये इमारत किंवा टेकडी आली, टॉवरवर गर्दी झाली, की तो लांबचा टॉवर धरतो. आणि 'फोन स्विच ऑफ केला' हे वाक्य बातमीदाराचं असतं. फोन नीट बंद केला तर जाता जाता तो नेटवर्कला तसं कळवतो. पाण्यात पडला किंवा रेंजबाहेर गेला तर नुसताच गप्प होतो. मोबाइल कंपनीच्या नोंदीत हा फरक दिसू शकतो. बातमीत दोन्हींना 'स्विच ऑफ'च म्हणतात.

आता तक्ता. फार नीटनेटका आहे, आणि माझी पहिली शंका तीच. पहिल्या आठवड्यात खऱ्या प्रकरणातल्या वेळा इतक्या गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. तुमच्याकडे '९:१०, शेजारणीने तिला गॅलरीत पाहिलं' अशी नोंद आहे. मूळ बातमीत शब्द आहेत 'नऊच्या सुमारास'. कुणीतरी अंदाजाने ९:१० लिहिलं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने ते उचललं, आणि आता त्यावर 'नवरा ९:२५ ला बाहेर पडला, म्हणजे त्याच्याकडे पंधराच मिनिटं होती' असा मजला चढलाय. सुतावरून स्वर्ग गाठायला तीन दिवस पुरले.

वेळ नेमक्या आकड्यात लिहू नका, पट्ट्यात लिहा: ८:४५ ते ९:३०. पुढच्या रकान्यात हे कोण सांगतंय ते लिहा, आणि त्या माणसाने स्वतः सांगितलंय की त्याच्या नावावर कुणी खपवलंय तेही. त्यापुढे, याला एखाद्या यंत्राचा आधार आहे का: पावती, कॅमेरा, कॉलची नोंद. आणि शेवटचा रकाना, ज्यावर मी नेहमी अडून बसतो: काय सापडलं तर ही नोंद खोटी ठरेल? तिथे लिहायला काहीच सुचत नसेल तर ती नोंद म्हणजे मत आहे, तिला तक्त्यातून काढा. हा रकाना भरायला लावला की तक्ता अर्ध्यावर येतो. उरलेला अर्धा वाचण्यालायक असतो.

त्यातच 'शेवटचं पाहिलं' आणि 'शेवटचं पक्कं' या दोन वेगळ्या ओळी ठेवा. एकाच माणसाच्या सांगण्यावर उभं असलेलं पहिल्या ओळीत, बाहेरून दुजोरा मिळालेलं दुसरीत. दोन्हींमध्ये पुष्कळदा कित्येक तासांचं अंतर निघतं, आणि शोध किती लांबवर घ्यायचा याचं सगळं गणित त्या अंतरावर ठरतं.

फुटेजच्या वेळा जोडतानाही सांभाळा. दुकानं-सोसायट्यांतल्या डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या पेटीचं, घड्याळ पुढे-मागे असणं ही रोजची गोष्ट आहे, कधी काही मिनिटं, कधी चक्क तासभर. म्हणून फुटेज घेणारा शहाणा अंमलदार आधी डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ शेजारी-शेजारी नोंदवतो. तो फरक ठाऊक नसताना 'एका कॅमेऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ती तीन मिनिटांत पोचली, म्हणजे गाडीतच होती' असे निष्कर्ष काढू नयेत. दोन कॅमेरे, दोन घड्याळं, दोन्ही चुकलेली, हे मी पाहिलेलं आहे.

मग नवरा. इथे मी तुमच्या बाजूने बोलतो असं थोडा वेळ वाटेल. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२३ साली जगभरात हेतुपुरस्सर मारल्या गेलेल्या सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुलींपैकी ५१,१०० जणींना जोडीदाराने किंवा घरातल्याच कुणी मारलं. साठ टक्के. त्यामुळे नवऱ्याकडे आधी पाहायचं यात गैर काही नाही, आणि कुठलंही बरं पथक पहिल्याच दिवशी त्याच्याकडेच पाहतं. त्याचा फोन, त्याची गाडी, त्याचं सांगणं, सगळं. पण हा हिशेब मारल्या गेलेल्यांचा आहे, बेपत्ता झालेल्यांचा नाही. बेपत्ता झालेले बहुतेक प्रौढ थोड्याच दिवसांत जिवंत सापडतात. 'मारली गेली असेल तर कुणी' याचं उत्तर तुम्ही 'काय झालं असेल' या प्रश्नाला चिकटवताय, आणि मधलं 'असेल तर' गळून जातंय.

'मुलाखतीत तो रडला नाही', 'भूतकाळात बोलला', 'डोळ्याला डोळा देत नव्हता' या तिन्ही मुद्द्यांवर मी वेळ घालवणार नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली खोटं ओळखण्याबद्दलचे शेकडो प्रयोग एकत्र करून पाहिले. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे लोकांनी सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तर ५०. आणि ज्याला माणूस 'थंड' दिसतो त्याने ऑस्ट्रेलियातलं लिंडी चेंबरलेन यांचं प्रकरण वाचावं. १९८० साली उलुरूजवळ त्यांची तान्ही मुलगी डिंगो या जंगली कुत्र्याने तंबूतून पळवली. ही बाई टीव्हीवर पुरेशी रडत नाही, असं अख्ख्या देशाने ठरवलं. १९८२ मध्ये त्यांना खुनासाठी जन्मठेप झाली. गाडीत सापडलेलं 'रक्त' मुख्यतः आवाज रोखण्यासाठी मारलेला फवारा निघाला. १९८६ मध्ये बाळाचं जॅकेट सापडलं, त्या सुटल्या, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि डिंगोनेच बाळ नेल्याचा अधिकृत निर्वाळा यायला २०१२ उजाडलं. तेव्हा इंटरनेट नव्हतं. गर्दी मात्र हीच होती.

तक्रार उशिरा दिली हा मुद्दा निराळा, तो नोंदवून ठेवायलाच हवा. फक्त एक ध्यानात असू द्या: चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज अजून घट्ट आहे, आणि बहुतेक घरं आधी नातेवाइकांना फोन लावण्यात चार-सहा तास घालवतात. त्या तासांत कुणाकुणाला फोन केले, हे नोंदींत दिसतंच.

आता तुमच्या गटातलं सगळ्यात पक्कं गृहीतक: 'आई पाच महिन्यांचं बाळ टाकून जाणारच नाही.' सगळा तर्क यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. हे वाक्य आदरातून येतं, हे मला कळतं. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार बाळंतपणानंतर साधारण १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. त्याहून विरळ, हजार बाळंतपणांत एक-दोन, असा एक गंभीर आजार आहे ज्यात बाईला भास होतात, भ्रम होतात, झोप उडते. तो बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत उफाळतो, त्यामुळे इथे कदाचित लागू नसेल. नैराश्य मात्र वर्षभरात कधीही डोकं वर काढू शकतं, आणि हसऱ्या फोटोंमधून दिसत नाही. अशा अवस्थेत पर्स, चप्पल, बाळ सगळं मागे ठेवून निघणं ही 'योजना' नसते. आणि पर्स घरात, बाळ झोपलेलं, गाडी जागेवर ही तुमची तीन 'भक्कम' लक्षणं चार वेगवेगळ्या शक्यतांना सारखीच बसतात: मनाच्या त्रासात बाहेर पडली, अपघात झाला, कुणाच्या भीतीने निघून गेली, कुणी नेलं. चारही शक्यतांत जे दिसणारच, त्याला सुगावा म्हणू नका.

याचा शोधाशी थेट संबंध आहे. निराश अवस्थेत निघालेली माणसं बहुधा लांब जात नाहीत. ती घराच्या आसपास सापडतात, आणि बरेचदा एकदा पाहून झालेल्या जागेतच. गट मात्र आंतरराज्य टोळी, महामार्ग, पांढरी गाडी असं बोलत असतो, घरच्यांवर तो दबाव येतो, घरचे तो पथकावर टाकतात, आणि घरामागच्या अर्ध्या किलोमीटरचा दुसरा फेरा लांबणीवर पडतो. काखेत कळसा म्हणतात ते हेच.

अलीकडचं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातलं. २७ जानेवारी २०२३ रोजी दोन लहान मुलींची आई कुत्र्याला घेऊन नदीकाठी फिरायला गेली. कुत्रा मोकळा सापडला, फोन बाकावर सापडला, आणि तो फोन अजून कामाच्या ऑनलाइन मीटिंगला जोडलेला होता. ती पाण्यात पडली असावी असं पोलिसांनी सुरुवातीच्या दिवसांतच सांगितलं. लोकांना ते फारच साधं वाटलं. फोन मुद्दाम ठेवलाय, कुत्रा कोरडा कसा, पाणबुड्यांना काही मिळत कसं नाही, यावर जगभर व्हिडिओ निघाले. हौशी मंडळी त्या छोट्या गावात उतरली, परक्यांच्या घरांभोवती आणि आवारात कॅमेरे घेऊन हिंडली. शेवटी लोकांना पांगवण्याचे आदेश काढावे लागले. १९ फेब्रुवारीला, तेवीस दिवसांनी, सुमारे दीड किलोमीटर खाली लव्हाळ्यात तिचा मृतदेह मिळाला. चौकशीत निष्कर्ष निघाला अपघाती बुडण्याचा. थंडगार पाण्यात पडल्यावर पहिल्या काही सेकंदांत माणूस नकळत जोरात श्वास ओढतो, आणि तेवढ्यात पाणी आत जातं. आरडाओरडा होत नाही, झटापटीच्या खुणा राहत नाहीत. थंड पाण्यात शरीर वर यायला आठवडे लागतात, आणि वाहत्या नदीत पाणबुड्यांना किंवा ध्वनिलहरींनी पाण्याखाली शोधणाऱ्या सोनार यंत्राला 'काही मिळालं नाही' याचा अर्थ 'तिथे नाही' असा होत नाही. पाण्यातल्या शोधाचं काम केलेल्या कुणाही माणसाला यात कोडं दिसलं नसतं.

याच प्रकरणात पोलिसांनीही घोळ घातला, हे सांगायला हवं. तिच्या प्रकृतीबद्दलची खाजगी माहिती त्यांनी जाहीर केली. नंतरच्या स्वतंत्र पाहणीत हे टाळता येण्यासारखं आणि अनावश्यक होतं असा शेरा आला, आणि पत्रकारांना वेळेवर पार्श्वभूमी न दिल्यामुळे जी पोकळी झाली तीत अफवा शिरल्या असंही म्हटलं गेलं. म्हणजे दोष एकट्या हौशी मंडळींचा नाही. पण पोलीस गप्प आहेत याचा अर्थ ते झोपलेत असाही नसतो. काही तपशील मुद्दाम राखून ठेवलेले असतात, कारण उद्या कुणी कबुली द्यायला आला तर तो तपशील फक्त खऱ्यालाच ठाऊक असायला हवा. तुम्ही अर्ध्याहून कमी पत्ते हातात घेऊन खेळताय, आणि कोणते पत्ते नाहीत हे तुम्हाला माहीत नाही.

तिथे जाऊन शोध घेण्याबद्दल माझं उत्तर नाही असं आहे, आणि यावर मी वाद घालत नाही. स्थानिक पथकाने स्वयंसेवक बोलावले, नावं लिहून घेतली, पट्टे वाटून दिले, तर जरूर जा. आपणहून गेलात तर तुमच्या पावलांचे ठसे, तुमची सिगारेटची थोटकं आणि तुमचा वास श्वानपथकाच्या वाटेत येतो. आणि काही सापडलंच तर ते तुम्ही उचललेलं असतं, जागेवर पडलेलं नसतं.

शेजारणीला मेसेज करून 'नवरा चिडलेला दिसला का हो?' असं विचारणं हे त्याहून वाईट. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचा १९७४ सालचा प्रयोग पाहा. मोटारींच्या टकरीची एकच फित लोकांना दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना 'लागल्या' तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, 'आदळून चक्काचूर झाल्या' तेव्हा किती. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिली का? काच फुटलेलीच नव्हती. पहिल्या गटात पन्नासपैकी ७ जण हो म्हणाले, दुसऱ्या गटात १६. क्रियापद बदललं, एवढंच. तुमच्या प्रश्नानंतर त्या शेजारणीला नवरा चिडलेला आठवायला लागेल, ती प्रामाणिकपणे तसं सांगेल, आणि उलटतपासणीत तिची साक्ष पहिल्या पाच मिनिटांत कोसळेल. नवरा खरोखर दोषी असेल तर त्याच्या वकिलाला तुम्ही याहून मोठी भेट देऊ शकत नाही.

नाव घेण्याबद्दल एकच उदाहरण देतो. २०१३ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर फोटो जुळवून एका विद्यार्थ्याला संशयित ठरवलं गेलं. तो मुलगा आधीच महिनाभर बेपत्ता होता, घरचे त्याचा शोध घेत होते. त्यांच्या फोनवर आणि त्याच्या शोधासाठी उघडलेल्या पानावर शिव्यांचा पाऊस पडला. काही दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. स्फोटांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. रेडिटने जाहीर माफी मागितली. तपास यंत्रणेने ज्याचं नाव घेतलेलं नाही त्याचं नाव, आद्याक्षरं, गाडीचा नंबर, दुकानाचा फोटो गटात येता कामा नये. गट चालवणाऱ्याने ती पोस्ट आधी काढावी आणि मग चर्चा करावी.

आणखी एक शक्यता तुमच्या चर्चेत औषधालाही नाही. ती जीव वाचवून पळाली असेल तर? घरातल्या मारहाणीतून निघालेल्या बाईसाठी 'काल अमुक स्टँडवर दिसली' ही टिप्पणी म्हणजे मागावर असलेल्याला दिलेला पत्ता आहे. आणि मागावर असलेला माणूस तुमच्या गटात, काळजी करणारा नातेवाईक म्हणून, बसलेला असू शकतो. म्हणून दिसल्याची माहिती कधीही उघड्यावर लिहायची नाही, थेट पोलिसांना द्यायची. प्रौढ व्यक्ती सुखरूप सापडली आणि ठावठिकाणा सांगू नका म्हणाली, तर अनेक ठिकाणी पोलीस घरच्यांना 'सुखरूप आहे' एवढंच कळवतात. तुमच्या गटाला तेवढंही कळणार नाही, आणि ते योग्यच आहे. पोस्टर फिरवताना त्यावर घरच्यांचा नंबर नको, पोलीस ठाण्याचा हवा. घरच्यांचा नंबर दिसला की 'ती आमच्याकडे आहे, पैसे पाठवा' असे फोन सुरू होतात. फिरवण्याआधी मूळ पोस्टर पोलिसांच्या पानावर आहे का, तारीख ताजी आहे का, ती सापडली तर नाही ना, हेही बघा.

मग तुमच्या हातून होण्यासारखं काय? सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे स्वतःचं तपासणं. २०२१ साली अमेरिकेत वायोमिंगमध्ये एक तरुणी बेपत्ता होती. त्याच भागातून गेलेल्या एका कुटुंबाने आपल्याच प्रवासाचं चित्रीकरण पुन्हा पाहिलं, त्यात रस्त्याकडेला तिची पांढरी व्हॅन दिसली, आणि शोध नेमक्या जागेकडे वळायला मदत झाली. त्यांनी कुणाचं मन वाचलं नव्हतं. तुमच्या गटात त्या परिसरात राहणारे असतील तर त्यांना सांगा: त्या दिवशीचं गाडीतल्या डॅशकॅमचं, दारावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज आजच उतरवून ठेवा. डॅशकॅम काही तासांत किंवा दिवसांत जुन्यावर नवं लिहितो, डीव्हीआर साधारण आठवडा ते महिनाभरात. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो किंवा व्हिडिओ म्हणून पाठवू नका, त्यात ती दाबली जाते आणि वेळ-जागेची आतली नोंद गळते. मूळ फाइल तशीच पेनड्राइव्हवर, आणि कुठल्या कॅमेऱ्याची, त्याचं घड्याळ किती चुकतंय, ही चिठ्ठी सोबत.

माहिती एकाच माणसाने, एकदाच पाठवावी. चाळीस जणांनी तीच डबल टिक कळवली तर एक अंमलदार अख्खा दिवस ती बाजूला काढत बसतो. काय पाहिलं ते वरच्या परिच्छेदात, त्यावरून काय वाटतं ते खालच्या, आणि खालचा परिच्छेद नसला तरी चालेल. उत्तर आलं नाही म्हणून ते वाचलं नाही असं समजू नका. चालू तपासात उत्तर द्यायची सोय नसते.

महिने लोटले, प्रकरण थंड पडलं, की तुमच्यासारख्यांचं खरं काम सुरू होतं, कारण तेव्हा पथकाकडे वेळ नसतो आणि तुमच्याकडे असतो. बेपत्तांच्या नोंदी आणि अनोळखी मृतदेहांच्या नोंदी जुळवणं हे ते काम. १९६८ साली अमेरिकेत केंटकीमध्ये कनातीसारख्या कापडात गुंडाळलेला एका स्त्रीचा मृतदेह सापडला. नाव मिळेना, म्हणून लोक तिला 'टेंट गर्ल' म्हणू लागले. टेनेसीतल्या टॉड मॅथ्यूज या कारखाना कामगाराने वर्षानुवर्षं तिचा ध्यास घेतला, आणि १९९८ साली इंटरनेटवर त्याला एका बहिणीने टाकलेली नोंद दिसली: १९६७च्या अखेरीस जवळच्याच लेक्सिंग्टनमधून नाहीशी झालेली, चोवीस वर्षांची, एका तान्ह्या मुलीची आई. डीएनएने ती तीच ठरली. इतकी वर्षं कुणी जोडलं कसं नाही? एक कारण असं, की मूळ नोंदीत मृत मुलीचं वय सोळा ते एकोणीस लिहिलं होतं. विशीतली विवाहित बाई त्या चाळणीतून आपोआप गळत होती.

म्हणून याद्या चाळताना वयाला दोन्हीकडे पाच-सात वर्षं सूट द्या, उंचीला काही इंच. कपड्यांवरून, केसांच्या रंगावरून कुणाला वगळू नका. 'नोंदीत बाळंतपणाचा उल्लेख नाही' म्हणून तर मुळीच नाही: कटीच्या हाडांवरच्या खळग्यांवरून बाई बाळंत झाली होती हे सांगता येतं असं पूर्वी मानत, आता तो पुरावा भरवशाचा धरत नाहीत. वगळायचं ते दातांवरून, जुन्या हाडमोडीवरून, शस्त्रक्रियेत बसवलेल्या पट्टी-स्क्रूवरून. जुळणी कळवताना दोन्ही नोंदींचे क्रमांक द्या, आणि न जुळणाऱ्या गोष्टी आधी लिहा, जुळणाऱ्या नंतर.

पण अशी जुळणी पक्की करायला डीएनए लागतो. तिचा टूथब्रश, तिचा कंगवा घरच्यांनी आत्ताच बाजूला काढून कागदी पाकिटात ठेवायला हवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, ओल धरते. तिच्या आईवडिलांचे नमुने चालतात, तिच्या बाळाचाही चालतो. बाळाच्या नमुन्याला सहसा पालकाची संमती लागते, आणि टूथब्रश आहे तोही त्याच घरात. म्हणजे दोन्हींसाठी ज्याच्या सहकार्याची गरज पडणार तो माणूस बहुधा तोच, ज्याच्या नंबरवर तुमच्या गटातले काही जण गेले काही आठवडे रात्री-बेरात्री फोन करतायत.